मुकादम कोण?

उजनीच्या काठावर काही गावांना नंबर आहेत. केत्तूर एक, केत्तूर दोन. वांगी एक, वांगी दोन, वांगी तीन. भीमेवरचं धरण १९८० साली पुरं झालं, पाणी मागं पसरत गेलं, गावं उठली आणि उठलेल्या एकेका गावाचे तुकडे वेगवेगळ्या गावठाणांत जाऊन बसले. नवी नावं ठेवत बसायला कुणाला सवड नव्हती, म्हणून आकडे पडले. आम्हाला त्याची सवय आहे. एसटीच्या कंडक्टरला 'दोन नंबर' एवढं सांगितलं तरी पुरतं. अडचण येते ती परदेशी कंपनीचा अर्ज भरताना. तिथं आधी घर क्रमांक, मग रस्त्याचं नाव, मग शहर. आमच्याकडं गावाला नंबर आहे, घराला नाही. त्यांना नेमकं उलटं हवं असतं.

माझ्या पुतण्यानं असा अर्ज भरला तेव्हा 'कायमचा पत्ता' या रकान्यापाशी तो अडला आणि त्यानं आबांना हाक मारली. आबा त्याचे आजोबा, माझे थोरले चुलते. "कायमचा म्हंजी पाण्यातला," आबा म्हणाले. "हितला तात्पुरता." या तात्पुरत्या घरात त्यांची चाळीसहून जास्त वर्षं गेली आहेत. पुतण्यानं दोन्ही रकान्यांत एकच पत्ता लिहिला आणि रस्त्याच्या नावापुढं 'मारुतीच्या देवळामागं' असं इंग्रजीत टाकून दिलं. अर्ज मंजूर झाला. कंपनीनं पाठवलेला लॅपटॉपही आला. कुरिअरवाल्यानं जेऊरच्या स्टेशनावरून फोन केला तेवढाच काय तो व्यत्यय.

अशी पोरं आता अगदीच नवलाई राहिलेली नाहीत. २०२० साली करोनाच्या साथीत पुण्या-हैदराबादची पोरं लॅपटॉप बगलेत मारून गावाकडं आली. साथ ओसरली तशी बरीचशी परत गेली, काही राहिली, आणि राहिलेल्यांपैकी काहींनी थेट परदेशातल्याच कंपन्या गाठल्या. या कंपन्यांचं भारतात ऑफिस नसतं. काहींचं तर कुठंच नसतं. गिटलॅब नावाची कंपनी २०२१ साली अमेरिकेच्या शेअर बाजारात उतरली तेव्हाही तिला मुख्यालय नव्हतं, सगळी माणसं आपापल्या घरी. आबांना हे पटत नाही. मग बोर्ड कुठं लावतात, असा त्यांचा प्रश्न आहे आणि त्याचं समाधानकारक उत्तर घरात कुणी देऊ शकलेलं नाही.

एक दिवस पुतण्या मला या नोकरीची कागदपत्रं समजावून सांगत होता. परदेशी कंपनीला इथला माणूस कामाला ठेवायचा तर दोन वाटा. एक, त्याला नोकर न म्हणता कंत्राटदार म्हणायचं. त्यानं महिन्याला बिल पाठवायचं, त्यांनी पैसे पाठवायचे; पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, आजारपण ज्याचं त्यानं बघायचं. दुसरी वाट म्हणजे भारतात नोंदणी असलेली एक कंपनी मधे घालायची. कागदावर मालक ती. पगार ती करते, पीएफ ती भरते, इथले कायदे ती सांभाळते. काम मात्र अमेरिकेतला साहेब सांगतो. डील, रिमोट अशा नावांच्या कंपन्या २०१९ साली निघाल्या आणि याच धंद्यावर जगभर पसरल्या. पुतण्या वहीत चौकोन आणि बाण काढत होता. शेजारचे तात्या चहा पीत बसले होते. त्यांनी वहीकडं बघितलंसुद्धा नाही. "मुकादम हाय की मग," ते म्हणाले.

तात्यांचं आयुष्य साखर कारखान्याला ट्रॅक्टर लावण्यात आणि त्यासाठी ऊसतोडीच्या टोळ्या आणण्यात गेलं. तोडणारी माणसं बीडची, पाथर्डीची, जामखेडची. करार पावसाळ्यात व्हायचा, तोड दिवाळीच्या पुढंमागं सुरू व्हायची. कारखाना तोडणाऱ्याला ओळखत नाही, तोडणारा कारखान्याच्या साहेबाला ओळखत नाही, मधे मुकादम. मोजणी कोयत्यावर, नवरा-बायको मिळून एक कोयता. आधी उचल द्यायची, हंगामभर ती फिटत राहायची. दुसऱ्या मुलखातली, न बघितलेली माणसं कागदावर घेऊन कामाला लावण्याचा सोलापूर जिल्ह्याचा हा अनुभव कॅलिफोर्नियातल्या असल्या कुठल्याही घरबसल्या कंपनीपेक्षा जुना आहे.

"उचल किती दिली?" तात्यांनी विचारलं.

"उचल नाही हो तात्या. लॅपटॉप दिलाय."

"मग तीच उचल. आन् पळून गेलास तर?"

पुतण्यानं करारातलं कलम वाचून दाखवलं. काम सुटलं की लॅपटॉप ठरल्या मुदतीत परत. तात्यांनी मान हलवली. उचल घेऊन पसार झालेल्या एका टोळीचे कागद त्यांच्या ट्रंकेत अजून आहेत. मुकादमानं दोन ठिकाणची उचल घेतली होती आणि टोळी तिसरीकडंच ऊस तोडत होती. मी त्यांना सांगितलं की हेही तिकडं पोचलंय. २०२५च्या जुलैत एका भारतीय अभियंत्याचं प्रकरण अमेरिकेत गाजलं. गडी एकाच वेळी अनेक स्टार्टअपांत कामाला होता, प्रत्येकाला वाटत होतं की तो आपल्याकडंच राबतोय. एका मालकानं चारचौघांत नाव घेतलं तशी बाकीचे मालकही एकेक करून 'अरे, आमच्याकडंही होता' म्हणू लागले. तात्यांना त्या मालकांबद्दल मनापासून वाईट वाटलं. कळवळ्यानं त्यांनी विचारलं, "पोलिसात दिलं का मग?"

हे साम्य मी फार ताणणार नाही. कोयत्याची उचल कधीकधी फिटतच नाही, ती पुढच्या हंगामाच्या मानगुटीवर बसते, लेकरं फडात वाढतात. आमचा पुतण्या पंख्याखाली बसतो. पण तात्यांना त्याच्या नोकरीतलं जेवढं पहिल्या झटक्यात कळलं तेवढं त्याच्या इंजिनिअरिंगच्या मित्रांनाही कळलेलं नाही, हेही तितकंच खरं. मित्र विचारतात, पॅकेज किती. तात्या विचारतात, काम संपलं म्हणून कोण सांगणार आणि त्या दिवशी हिशेब कोण करणार.

मुलाखतीचा दिवस आमच्या घरी अजून सांगितला जातो. उत्तर कोरियाची माणसं खोट्या नावानं अमेरिकी कंपन्यांत घरबसल्या नोकऱ्या धरतात, असं मधल्या काळात उघड झालं. त्यांच्यासाठी आपल्या घरात नव्वदहून जास्त लॅपटॉप चालू ठेवणाऱ्या ॲरिझोनातल्या एका बाईला २०२५ साली साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. पण कंपन्यांनी धसका त्याच्या आधीच घेतला होता. समोरचा चेहरा खरा की संगणकानं लावलेला, हे बघायला मुलाखत घेणारे म्हणतात, तोंडासमोरून हात फिरव. पुतण्या माडीवरच्या खोलीत एकटाच बसून इंग्रजीत बोलत होता आणि मधेच त्यानं चेहऱ्यावरून हात ओवाळला. दारातून जाणाऱ्या आजीनं ते बघितलं. ती खाली गेली, मीठ-मोहरी घेऊन वर आली आणि त्याची रीतसर दृष्ट काढली. कॅमेरा चालू होता. समोरच्या माणसाला आपण काय बघतोय हे कळलं नाही, पण एवढं सगळं संगणकानं तयार केलेलं असणार नाही याची त्याची खात्री पटली असावी. नोकरी लागली.

वेळेचं गणित आता घरात सगळ्यांना पाठ आहे. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ म्हणजे आमच्याकडं संध्याकाळचे साडेसहा, म्हणजे धारा काढायची वेळ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते लोक घड्याळ तासभर मागं घेतात, मग आमचे साडेसात होतात. मार्चमध्ये पुन्हा पूर्ववत. गाईंना हे कळवण्याची सोय नसल्यामुळं उन्हाळाभर धारांची जबाबदारी पुतण्याच्या आईवर आणि हिवाळ्यात त्याच्यावर, असं वाटप झालेलं आहे. अमेरिकेच्या संसदेनं घड्याळाचा कायदा बदलला तर आमच्या गोठ्यात भांडण होईल.

रात्री जागण्याचं मात्र कुणाला काही वाटत नाही. शेतीपंपाची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, हे चक्र आम्ही वर्षानुवर्षं बघतोय. निम्मं गाव रात्री बॅटरी घेऊन दारं धरायला उसात असतं. त्यामुळं पहाटे दोनला माडीवर दिवा दिसला तरी कुणी विचारत नाही की पोरगं अजून जागं का. विचारलंच तर, "तुझीबी रातपाळीची लाईट का?" एवढंच. एकदा कंपनीनं सगळ्यांना सुरक्षिततेचा एक अर्ज भरायला लावला. खुर्ची कशी आहे, वायरी पायात येतात का, कामाच्या ठिकाणी आणखी काही धोका आहे का. पुतण्यानं प्रामाणिकपणे लिहिलं: बिबट्या. आमच्या तालुक्यात डिसेंबर २०२०मध्ये नरभक्षक बिबट्याला गोळी घालावी लागली होती, त्यानं माणसं मारली होती, तेव्हा यात अतिशयोक्ती काही नव्हती. तिकडून उत्तर आलं की वायरींबाबतची माहिती समाधानकारक आहे.

रजेच्या अर्जाचीही अशीच गत. २०२४चा उन्हाळा कडक होता. उजनीत एकूण ११७ टीएमसीच्या आसपास पाणी मावतं, पण त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा. त्यावरचा वापरायचा साठा संपला की पेपरात टक्केवारी उणे येऊ लागते. त्या जूनपर्यंत ती उणे ५९च्या घरात गेली. पाणी जसं आत सरकतं तशी काठावरची माणसं मोटारी, पाईप आणि केबल घेऊन त्याच्या मागं चालत जातात. पुतण्यानं रजा मागितली, कारण लिहिलं, 'धरण उणे ५० टक्के आहे, पाईप वाढवायचे आहेत.' साहेबानं रजा लगेच दिली, पण शून्याहून कमी पाणी म्हणजे काय, हे विचारायला त्यानं आठवडाभरानं एक वेगळी मीटिंग ठेवली.

पाण्यावर रोहित पक्षी असतात, बरेचसे कच्छकडून आलेले. थंडीत हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात. एका एप्रिलात संध्याकाळच्या मीटिंगला पुतण्या काठावर जाऊन बसला. मागं गुलाबी थवा. सगळ्यांना वाटलं, यानं चित्र लावलंय. कुणीतरी म्हणालं, छान आहे, कुठून डाउनलोड केलंस. तेवढ्यात चित्रातून एक म्हैस उजवीकडून डावीकडं गेली आणि जाता जाता तिनं कॅमेऱ्यात बघितलं.

परदेशाचं अप्रूप आम्हाला तसं नाहीच. कंदरची केळी खोक्यांत बसून आखाताला जातात. पाराला बसलेला माणूस दुबईत केळीला काय दर आहे हे सांगतो. माल जात होता, पक्षी येत होते. फक्त पगार हवा असेल तर माणसानं स्वतः उठून जायचं, असा दंडक होता. आबांच्या पिढीला तर पगाराशिवायच उठवलं. ज्या पाण्यासाठी उठवलं त्यानं खालच्या अंगाचे कालवे भरले, साखर कारखाने उभे राहिले, सोलापूर शहराची तहान भागली. काठावरच्यांना त्यातलं जे मिळालं ते मोटारी लावून आपल्या खर्चानं. आता याच काठावरच्या एका पोराला कुणीतरी सांगतंय की तू आहेस तिथंच बस. आबांना पगाराच्या आकड्यापेक्षा या एका गोष्टीचं जास्त आश्चर्य वाटतं. "उठायला नाय लावत?" असं त्यांनी मला दोनदा विचारलंय.

आकड्यावर तात्यांचा आक्षेप आहे. काही कंपन्या माणूस कुठं राहतो यावर पगार ठरवतात, गिटलॅबनं तर त्याचं जाहीर गणितच मांडलं. उलट बेसकॅम्प बनवणारी थर्टीसेव्हन सिग्नल्स ही कंपनी माणूस कुठंही राहो, सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजारभावानं पैसे देते. पुतण्याची कंपनी पहिल्या जातीतली. तात्या म्हणाले, "आरं, उसाचा भाव कारखान्याच्या उताऱ्यावर ठरतो. शेतकऱ्याचं घर कुडाचं हाय का स्लॅबचं, हे बघून कुणी ठरवलाय व्हय?" मला यावर तोड सुचली नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ती असेल.

पैसे मात्र वेळेवर येतात. पुतण्या कंत्राटदाराच्या वाटेनं गेलेला, म्हणून बिल पाठवल्यापासून ३० दिवस, असा करार आहे आणि तिसाव्या दिवशी पैसे खात्यात. ऊस नियंत्रण आदेश १९६६चा. तो म्हणतो ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्या, नाहीतर १५ टक्के व्याज द्या. हे वाक्य मी पारावर म्हणून दाखवलं की लोक हसतात. बँकेत मात्र पहिल्या डॉलरला विचारपूस झाली. कुठलाही परकी पैसा आला की तो कशाचा, याचा एक संकेतांक द्यावा लागतो. खिडकीवरच्या माणसानं समजूतदारपणे सुचवलं, नातेवाईक पाठवतात असं लिहू का? अमेरिकेला द्यायचा एक फॉर्म वेगळाच, त्याला डब्ल्यू-आठ-बेन म्हणतात. त्यात आपण अमेरिकन नाही असं लिहून द्यावं लागतं. "ते तर बघूनच कळतंय," आजी म्हणाली. टेंभुर्णीच्या सीएनं मग आयकराचं ४४एडीए कलम काढलं, निम्मी मिळकत नफा धरायची आणि त्यावर कर. उसाच्या उत्पन्नाला आयकर नसलेल्या घरात हा पहिलाच कर. आबांनी पावती नीट घडी घालून पाण्यात गेलेल्या जमिनीच्या कागदांबरोबर ठेवली.

अमेरिका अशी माडीवर आली, इंदापूर मात्र अजून लांब आहे. समोर दिसतं, रात्री दिवे दिसतात, पण पाणी मधे. कुगावची माणसं बोटीनं कळाशीला जात, तिथून पुढं. २१ मे २०२४च्या संध्याकाळी वादळात ती बोट उलटली, सहा जण गेले. त्या आठवड्यात पुतण्यानं कॅमेरा बंद ठेवून मीटिंगा केल्या.

लग्नाचं काय, असं तुम्ही विचाराल. सगळेच विचारतात. डिसेंबर २०२२मध्ये सोलापुरात लग्नाळू पोरांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, बँड लावून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला होता, पोरी मिळत नाहीत म्हणून. त्या जिल्ह्यातला हा नवरदेव. पाहुणे येतात, विचारतात, मुलगा कुठं असतो? घरी. कामाला कुठं? अमेरिकेत. मग घरी कसा? इथून पुढची बोलणी फिसकटतात. मुलीच्या बापाला पुण्यात फ्लॅट हवा असतो, आणि हा पोरगा तर पुणं सोडून आलेला. एका पाहुण्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांगा, काढून टाकलंय का त्याला?"

अमेरिकेला जाण्याचा मार्गही महागलाय. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेनं नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर फी लावली. त्याच महिन्यात तिथल्या एका सिनेटरनं विधेयक मांडलं की परदेशातल्या माणसाला कामाचे पैसे पाठवले तर त्यावर २५ टक्के कर लावा. म्हणजे इकडं येऊ नका, आणि तिकडं बसूनही करू नका. तात्यांच्या मते यात काळजीचं काही नाही. कोयता बंद करून यंत्रानं ऊस तोडायचं ते कधीपासून ऐकतायत, यंत्रं आलीही, तरी दिवाळी झाली की बीडकडची टोळी येतेच.

आणि आता तर चाकं उलटी फिरलीत. पुतण्याला बढती मिळाली. त्याच्या हाताखाली माणसं घ्यायची आहेत, ती कुठल्याही देशातली चालतील. म्हणजे आमच्या मारुतीच्या देवळामागून आता परदेशात नोकरभरती होते. त्यानं तात्यांना मुद्दाम बोलावून घेतलं, कॅमेऱ्यात दिसणार नाही असं बसवलं. पहिली मुलगी केनियातली, किसुमू शहरातली, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावरची. तिच्या खिडकीतून पाणी दिसत होतं आणि पाण्यावर जलपर्णी, अगदी आमच्यासारखी. बोलणं चांगलं चाललं होतं. मधेच तिचा चेहरा गोठला आणि पडदा काळा झाला. पुतण्या वाट बघत बसला. चार-पाच मिनिटांनी ती पुन्हा दिसली, अंधारात, चेहऱ्यावर मोबाईलचा उजेड, आणि जिथं वाक्य तुटलं होतं तिथून बोलू लागली.

मुलाखत संपल्यावर तात्यांनी विचारलं, "काय झालतं तिला?"

"लाईट गेली होती. मोबाईलवरून परत आली."

"घे तिला."

"तात्या, अजून बाकीच्यांच्या मुलाखती व्हायच्यात. एक पोलंडचा आहे, एक कॅनडाचा."

"घे की त्यांच्याबी," तात्या उठत म्हणाले. "पर त्यांची लाईट घालवून बघ."